आवक-जावक

रबाळ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं मी.
एक वॉशर कमी भरला तरी
रात्री दिवे लावून पुन्हा मोजायचो.
आलेलं, गेलेलं, उरलेलं.
तीन आकडे जुळले की जेवण गोड लागे.

रिटायर झालो, घणसोलीत आलो,
सोसायटीचा सेक्रेटरी झालो.
त्या रविवारी क्लब हाऊसमध्ये कार्यक्रम मीच ठेवला.
माणसांच्या तस्करीवर बोलायला
ठाण्याहून संस्थेच्या गोवारी बाई आल्या.
खुर्च्या साठ, माणसं तेवीस,
त्यातली सहा समोशांसाठी.

बाई म्हणाल्या, तस्करी काळ्या गाडीतून येत नाही.
ओळखीच्या मावशीचं बोट धरून येते.
फ्रॉक नवा असतो,
तिकीट कुणीतरी आधीच काढलेलं असतं.
आम्ही माना डोलावल्या.
मागून कुणी विचारलं, पण आपल्याकडे असलं नसेल ना?
तेवढ्यात चहा आला.

चहा चौदाशे तीनच्या पिंकीने आणला.
ट्रे जड होता, पावलं मोजत आली.
मला बिनसाखरेचा लागतो हे तिला ठाऊक होतं.
मला तिचं काय ठाऊक होतं?
वहिनी म्हणायच्या, लांबच्या नात्यातली आहे,
शिकायला आणलीय.

सगळे पांगले. मी खुर्च्या रचत होतो.
ती भिंतीपाशी, पोस्टरवर बोट ठेवून
एकेक अक्षर लावत उभी.
वळून विचारलं,
दुकानात भाव विचारावा तसं, हलक्या आवाजात:
"अंकल, ये नंबर लगाने का पैसा लगता है?"
नाही, म्हटलं.
"और नाम बताना पड़ता है? कौन सा वाला?"

कौन सा वाला.

नाव एतवारी.
गाव गुमल्याच्या पुढे, बस थांबते तिथून आणखी चालत.
रविवारी जन्मली म्हणून एतवारी;
आपली जुनी माणसं आयतवार म्हणायची, तसंच.
पिंकी हे वहिनींच्या तोंडी बसलेलं.
तिच्या आधीचीही पिंकीच होती.

गेटवर जाऊन रजिस्टर मागितलं.
वॉचमन म्हणाला, साहेब, काय हरवलं?
पानं उलटत मागे गेलो.
गॅस, कुरिअर, सुतार,
सोफा आत, सोफा बाहेर, सही.
गेल्या वर्षीचा अकरा जून, सकाळी सहा चाळीस:
'१४०३. बाई एक, मुलगी एक.'
त्याच दुपारी: 'बाई एक, बाहेर.'
पुढची पानं दोनदा पाहिली.
मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

हिशोबात काही कमी नव्हतं.
एक मुलगी जास्त होती,
आत उरलेली.
आणि दर महिन्याच्या तळाशी
'तपासले' लिहून माझी सही.

फोन काढला तेव्हा
लिफ्टमध्ये वहिनी भेटतील हे आठवलं,
पार्किंगचं मतदान आठवलं. खोटं कशाला बोलू?
एक, शून्य, नऊ, आठ.
पलीकडून विचारलं, आपण कोण?
सेक्रेटरी म्हणणार होतो.
शेजारी, म्हटलं.

मंगळवारी आले ते. दोन बाया, साध्या कपड्यातला एक पोलीस.
वरती पंचनामा झाला.
एतवारी खाली आली, हातात एक कॅरीबॅग.
गेटशी थबकली. मी पेन पुढे केलं.
'बाहेर'च्या रकान्यात तिने नाव लिहिलं,
सावकाश,
शेवटचं अक्षर रेघ ओलांडून गेलं.
वेळ मी घातली. चार वीस.

आता बरेच जण माझ्याशी बोलत नाहीत.
पोस्टर कुणी काढलं माहीत नाही;
चिकटपट्टीचे चार तुकडे राहिलेत भिंतीवर.

मी आधीच्या पिंकीची नोंद शोधतोय.
जुनं रजिस्टर रद्दीत गेलं म्हणतात.
जेवायला बसतो,
उठतो,
पुन्हा मोजतो.